शाउटआउट: चारचौघांत कुणाचं नाव घेतो तेव्हा

ओसरी (धागाकर्ती)

'शाउटआउट' हा शब्द आपल्या बोलण्यात आता चांगलाच रुळलाय. ऑफिसच्या मेलमध्ये "टेस्टिंग टीमला शाउटआउट", रीलच्या शेवटी "माझ्या एडिटर मित्राला मोठा शाउटआउट", गॅदरिंगला माईकवरून "मागच्या रांगेतल्या मेकॅनिकलवाल्यांना शाउटआउट". भाची परवा म्हणाली, "मावशी, सगळ्यांना दिलास, मला स्टेटसवर शाउटआउट दिलाच नाहीस." ती खरंच नाराज होती.

याला मराठी प्रतिशब्द शोधायचा नाहीये, तो खेळ आपण बऱ्याच धाग्यांवर खेळलोय. मला जाणून घ्यायचंय ते हे, की आपण हा शब्द नक्की कशासाठी वापरतो. आभार, कौतुक, अभिनंदन, सत्कार हे सगळं आपल्याकडे आहेच आणि मुबलक आहे. तरीही लोकांना हा शब्द लागला.

मला जाणवलेलं सांगते. आभार मानताना मी त्या माणसाशी बोलते. शाउटआउट देताना मी बाकीच्यांशी बोलते, त्या माणसाबद्दल. तो माणूस तिथे नसला तरी चालतं, ऐकणारे मात्र हवेत. सत्काराला निमित्त लागतं, शाल-श्रीफळ लागतं, अध्यक्ष लागतात. इथे चालू कामातून जरासं थांबायचं, नाव घ्यायचं आणि पुढे निघायचं. शिवाय ज्याला सगळे आधीच ओळखतात त्याला शाउटआउट देण्यात फारसा अर्थ नसतो. जो दिसत नाही त्याच्यासाठीच तो असतो, निदान असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या क्षेत्रात हे कसं चालतं? पैसे घेऊन शाउटआउट देतात त्याबद्दल काय वाटतं, तेही लिहा.

बेसगिटार

छान विषय. मुळाकडे जाऊ या. हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून आणि तिथल्या रेडिओवरून जगभर गेला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून 11 ऑगस्ट 1973 ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये 1520, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलं होतं. रेकॉर्ड वाजवत होता तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याच्या जोडीला माईकवर कोक ला रॉक होता. तो गाण्यांच्या मधल्या जागेत, तालावर, गर्दीतल्या मित्रांची नावं घ्यायचा. रॅप म्हणजे आज आपण जे समजतो, त्याच्या आधी ही नावं होती.

हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा, 1967 मध्ये न्यूयॉर्कला आलेला. जमैकात रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून नाचगाणी व्हायची, त्यांना साउंड सिस्टिम म्हणत. तिथेही माईकवरचा माणूस रेकॉर्डवर बोलायचा, आलेल्यांना नावाने पुकारायचा. 'बिग अप' हा शब्द तिकडचाच, अर्थ जवळपास हाच.

ज्या वस्तीचं नाव वर्तमानपत्रात फक्त जळालेल्या इमारतींच्या बातमीत येत होतं, तिथल्या पोराचं नाव शंभर माणसांसमोर स्पीकरवरून येणं ही काय गोष्ट असेल याचा विचार करा. त्यामुळे "हे काय नवं फॅड" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

चकलीपात्र

एक शंका. शाउटआउट दिला, केला की मारला?

बेसगिटार

@चकलीपात्र, पुण्यामुंबईत 'दिला'च ऐकलाय. पुल्लिंगी, एकवचनी.

रेडिओवेडा

वा, धागा वर ठेवा. माझ्या मते आपल्या पिढीचा शाउटआउट रेडिओवर होता. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायचे: अमुक गावाहून अमुक, तमुक आणि घरातील सर्व मंडळी. आमच्या गल्लीत एकाचं नाव आलं तर दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातही विषय तोच. गाणं प्रत्येकाला हवं असायचंच, पण नाव ऐकायला मिळावं म्हणून पोस्टकार्ड टाकणारेही कमी नव्हते. विविध भारतीच्या 'जयमाला'त फौजी भावांची नावं यायची, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू हातातलं काम टाकून रेडिओजवळ येऊन बसत. मुलगा सीमेवर होता.

झुमरी तलैया हे नाव आपल्याला कशामुळे माहीत? आत्ताच्या झारखंडातलं कोडरमा जिल्ह्यातलं गाव, अभ्रकाच्या खाणींचं. तिथल्या श्रोत्यांनी फर्माइशी पाठवून पाठवून अख्ख्या देशाला आपल्या गावाचं नाव पाठ करायला लावलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. 1949 मध्ये 'महल' आला. 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं. गाणाऱ्या मुलीचं नाव नव्हतंच. रेडिओवर गाणं वाजलं आणि हा आवाज कुणाचा, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा पाऊस पडला. मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगितलं गेलं. श्रोत्यांनी मागून घेतलेलं श्रेय आहे ते.

पुढे 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं. सोहळ्यात 'रसिक बलमा' गायला बोलावलं, तेव्हा लताबाईंनी नकार दिला. गायकाला पुरस्कारच नसेल तर मी का गाऊ, हा त्यांचा सवाल. 1959 पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'आजा रे परदेसी'साठी. नाव घेतलं जाणं ही शोभेची बाब नाही. त्यावर माणसाचा धंदा, मान आणि म्हातारपण अवलंबून असतं.

मांडवीकाठ

@रेडिओवेडा, तुम्ही लताबाईंचं लिहिलंत म्हणून आमच्या गोव्याचं लिहितो. त्याच रेकॉर्डिंगमध्ये मागे बसलेल्या वादकांचं काय?

हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात कितीतरी गोंयकार होते. चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये नोटेशन शिकलेले, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे. संगीतकार चाल द्यायचा. ती कागदावर उतरवणं, कुठे व्हायोलिनं उठतील, कुठे ट्रम्पेट येईल, सुरुवातीचे आणि मधले तुकडे कसे असतील हे ठरवणं यांतलं बरंच काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सॅबेस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ. पडद्यावर नाव आलंच तर 'सहायक' म्हणून. वादकांचं तर तेवढंही नाही. आपण जे तुकडे तोंडाने गुणगुणतो ते कुणी लिहिले आणि कुणी वाजवले हे आपल्या घरात कुणालाच माहीत नसतं.

आता शाउटआउट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे आणि शिकवायचे. त्यांच्याकडे एक मुलगा व्हायोलिन शिकला, प्यारेलाल शर्मा. तोच पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल. 1965 च्या सुमारास गोन्साल्विस सिनेसंगीत सोडून अमेरिकेला गेले. परतल्यावरही सिनेमात आले नाहीत, गावात शांतपणे राहिले. आणि 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी' लागला. अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन गातो, "माय नेम इज अँथनी गोन्साल्विस". शिष्याने गुरूचं नाव देशभरच्या थिएटरांत, लग्नांत आणि गणपतीच्या मांडवांत पोचवलं.

माझ्या मते याहून मोठा शाउटआउट भारतात कुणी कुणाला दिलेला नाही. प्यारेलालजी भाषणात "माझे गुरू" म्हणू शकले असते, कुठेतरी मुलाखतीत आठवण काढू शकले असते. त्यांनी स्वतःच्या गाण्यातली सगळ्यात मोठ्याने म्हटली जाणारी जागा गुरूंना दिली.

खंत एवढीच की गाणाऱ्या कोट्यवधी लोकांना हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे माहीतच नव्हतं. 2012 मध्ये गोन्साल्विस गेले तेव्हा बातम्या वाचून अनेकांना कळलं. म्हणून मी म्हणतो, नाव घेतलंत तर सोबत एक वाक्य जोडा, हा माणूस काय करतो ते.

ओसरी

@मांडवीकाठ, शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. नुसतं नाव कानावर पडून जातं, कामासकट घेतलं तर राहतं. "नेहाला शाउटआउट" आणि "शनिवारी रात्री सर्व्हर बंद पडला तेव्हा जागून बॅकअप परत आणणाऱ्या नेहाला शाउटआउट" यांत दुसऱ्यानेच ऐकणाऱ्याला काहीतरी कळतं.

हिशेबी

पैशांचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून मी घेतो. आज शाउटआउटला दरपत्रक आहे. एवढे फॉलोअर असतील तर स्टोरीत नाव घ्यायचे इतके, रीलमध्ये टॅग करायचे इतके. अमेरिकेत 2017 मध्ये 'कॅमिओ' नावाची कंपनीच निघाली, पैसे भरा आणि नामवंताकडून तुमच्या नावाचा व्हिडिओ घ्या.

आपल्याकडे हे नवीन नाही. तमाशातली दौलतजादा आठवा. प्रेक्षकातून नोट पुढे यायची, गाणं मध्येच अडायचं, "अमुक गावच्या पाटलांकडून इतके रुपये" असं जाहीर व्हायचं आणि मग गाणं पुढे. नाव विकत मिळायचं आणि ते विकायची पाळी गाणाऱ्या बाईवर यायची. नोट कशी दिली जायची, त्यावेळी काय बोललं जायचं, हे तिला हसत सोसावं लागे. ती परंपरा म्हणून कौतुकाने सांगितली जाते तेव्हा मला राग येतो. तिच्या गाण्याला दाद मिळत होती म्हणता, पण मोठ्याने नाव घेतलं जात होतं देणाऱ्याचं.

आता शेजारी वासुदेव ठेवा. तोही दारात येतो, दान घेतो आणि त्याची पोच जाहीरपणे देतो: "दान पावलं, दान पावलं", पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला. किती दिलं हे तो सांगत नाही. मूठभर जोंधळे घालणारीलाही तीच पोच आणि सुपातून घालणारीलाही तीच. पोच द्यायचीच तर अशी असावी.

जाहिरात करायची तर खुशाल करा, फक्त ती जाहिरात आहे हे सांगा. जाहिरात मानक परिषदेने म्हणजे 'अ‍ॅस्की'ने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केलेत. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं ठळक लिहायला हवं. शाउटआउट म्हणून खपवलेल्या विकतच्या नावामुळे खऱ्या शाउटआउटवरचा विश्वास जातो, ते मला जास्त लागतं.

चकलीपात्र

दौलतजादाबद्दल +१.

तालमीतला

कुस्तीच्या मैदानातलं सांगतो. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात यात्रेची मैदानं असतात, हलगी कडाडत असते आणि निवेदक माईकवर असतो. पैलवान आखाड्यात उतरला की आधी नाव येत नाही. आधी गाव येतं, मग तालीम, मग वस्ताद: "गंगावेश तालमीचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा". वस्ताद गर्दीत कुठंतरी फेट्यात बसलेले असतात. पोरगं जिंकलं की लोक वस्तादांकडं वळून बघतात.

आणि हे निवेदक नुसती नावं घेत नाहीत हो. या पोराचा बाप ऊसतोडीला जातो, याच्या आईनं म्हैस विकून खुराक चालवला, हे दहा हजार लोकांपुढं सांगतात. त्याच जागेवर कुणीतरी खिशात हात घालतं आणि पोराच्या नावानं इनाम लागतं. पैसा आला, पण कुणाच्या बाजूनं आला ते बघा. दौलतजादात नाव देणाऱ्याचं व्हायचं, इथं नाव पोराचं होतं आणि पैसाही पोरालाच. देणाऱ्याचंही नाव पुकारतात, नाही असं नाही. पण घरी जाताना लोकांच्या तोंडी पैलवान असतो.

सदाफुली

मी नर्स आहे. कोविडच्या दिवसांत टाळ्या, थाळ्या, फुलं, सगळं झालं. 'आरोग्यसेवकांना सलाम' असे फलक लागले. वाईट वाटून घेऊ नका, पण 'आरोग्यसेवक' हे कुणाचंच नाव नाही. आमच्या वॉर्डात ज्या मावशी मृतदेह नीट गुंडाळून द्यायच्या, नातेवाईक दाराबाहेर असायचे त्यांना काचेतून शेवटचं तोंड दाखवायच्या, त्यांचं नाव कुठल्याच कार्यक्रमात आलं नाही. कौतुकपत्रं आली ती पर्मनंट लोकांना, मावशी कंत्राटी होत्या. कुठल्या रुग्णालयात ते लिहीत नाही, बहुतेक ठिकाणी तेच झालं असणार.

दुसरी बाजूही सांगते. प्रत्येकाला चारचौघांत नाव घेतलेलं नको असतं. आमच्याकडच्या एका मुलीने नोकरी करते हे सासरी सांगितलं नव्हतं. तिचा फोटो आणि नाव कुणीतरी कौतुकाने फेसबुकवर टाकलं, तिला पुढे बराच त्रास झाला. कौतुक करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. म्हणून माझा आग्रह असतो की आधी विचारा. "तुझं नाव घेऊ का?" हे विचारण्यातही मान असतो.

बेसगिटार

@सदाफुली, नि:शब्द. 'संपूर्ण टीमला शाउटआउट' हे वाक्य मी यापुढे वापरणार नाही.

पोथीपान

सदाफुलींनी मावशींचं लिहिलं त्यावरून एक ओवी आठवली. ज्ञानेश्वरीच्या अखेरीची आहे, सगळ्यांना पाठ असते, पण या नजरेने वाचून बघा:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके 1212, म्हणजे इ.स. 1290. ज्याने ऐकून लिहून घेतलं त्याचं नाव इथे ग्रंथकर्त्याच्या शेजारी, त्याच ओवीत आहे. जवळच राजा रामचंद्रदेव यादवाचंही नाव येतं. राजाचं नाव तेव्हाच्या ग्रंथांत येणं समजू शकतं. लिहून घेणाऱ्याचं नाव अशा मोलाच्या जागी आलं आणि सातशेहून अधिक वर्षं पारायणात मोठ्याने वाचलं जातंय, याचं मला फार अप्रूप आहे.

संतांच्या नाममुद्रांतही हे दिसतं. जनाबाई स्वतःचं नाव घेताना नामदेवांचं घेतात, 'नामयाची जनी'. सोयराबाईंची मुद्रा 'चोखियाची महारी'. जे नाव देवळाच्या पायरीपाशी अडवलं गेलं, ते त्यांनी कितीतरी अभंगांच्या शेवटी घातलं, जातीसकट, न लपवता. गाणारा कुठल्याही जातीचा असो, अभंग पुरा करायचा तर त्याला ते नाव उच्चारावंच लागतं. शाउटआउट या शब्दात जो हक्क आहे, जोराने पुकारण्याचा, तो मला इथे दिसतो.

आणि वारकऱ्यांचा जयघोष घ्या. "पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!" भजन संपलं, कीर्तन संपलं, पंगत बसली की होतोच. विठ्ठलाच्याही आधी पुंडलिक येतो, कारण विठ्ठल विटेवर उभा राहिला तो त्याच्यासाठी.

टोरांटोचा पाऊस

पोथीपान, अप्रतिम. इथल्या आमच्या मंडळात गणपतीला स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची नावं शेवटी 'आणि सर्व स्वयंसेवक' यात जातात, कारण तोवर वेळ संपलेली असते. प्रायोजकांची मात्र सुरुवातीलाच येतात. क्रम उलटा करून बघायला हवा.

तिसरी घंटा

मी हौशी निवेदक आहे, लग्नापासून नाट्यस्पर्धेपर्यंत माईक हातात असतो. टोरांटोच्या मित्राचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून अनुभवातून लिहितो.

नावं शेवटी ठेवली की कापली जातात, हे अगदी खरं. मी ती कार्यक्रमाच्या पोटात घालतो. प्रकाशयोजनेचा परिणाम प्रेक्षकांनी नुकताच पाहिला, टाळी पडली, की तिथेच दिवे सांभाळणाऱ्याचं नाव. जेवणाची सुट्टी जाहीर करताना स्वयंपाक करणाऱ्यांची नावं, कारण तेव्हा सगळे वासाने आधीच त्यांच्याकडे वळलेले असतात. गाण्याच्या कार्यक्रमात तबला, हार्मोनियमची नावं होतात आणि तंबोऱ्यावरची मुलं राहून जातात. ती मी पहिल्या रागानंतरच घेतो.

एका वेळी फार नावं घेऊ नका. पाठोपाठ यादी वाचली की लोक टाळ्या वाजवणं सोडतात आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला शांतता येते.

सगळ्यात महत्त्वाचं, उच्चार. आयोजक बहुतेकदा इंग्रजी लिपीत चिठ्ठी देतात. त्यावरून काळे की काले हे कळत नाही. आयुष्यात एकदा माईकवर नाव येतं आणि ते चुकीचं येतं, तेव्हा त्या माणसाचा चेहरा बघवत नाही. मी कार्यक्रमाआधी विंगेत जाऊन प्रत्येकाला स्वतःच्या तोंडून नाव सांगायला लावतो आणि देवनागरीत लिहून घेतो. आईचं नाव लावणाऱ्या मुली असतात, आडनाव न लावणारे असतात, टोपणनावानेच ओळखले जाणारे लाइटमन असतात. ते म्हणतील तसंच घ्यायचं. सदाफुलींचा "घेऊ का?" हा प्रश्नही त्याच वेळी विचारून होतो, वेगळा वेळ लागत नाही.